ऊनपाण्याने कोरलं की भरलं? काटोलकडच्या एका विहिरीतली पोकळी

कळमेश्वर-काटोल पट्ट्यात संत्र्याच्या बागेला लागून असलेली एक जुनी विहीर उन्हाळ्यात खोल करायला घेतली होती. वर काळी माती, तिच्याखाली मुरूम आणि मग तो न संपणारा काळा कातळ. भोकं पाडायची, सुरुंग ठासायचे, धूर बसला की फुटलेला दगड क्रेनच्या डब्याने वर काढायचा, असं काम चाललं होतं. साधारण बारा मीटर खोलीवर एक सुरुंग उडाला आणि उत्तरेकडच्या भिंतीला माणूस सरपटत जाईल एवढं भगदाड पडलं. एका मजुराने मोबाइलची बत्ती आत धरली आणि वर येऊन जे सांगितलं ते संध्याकाळपर्यंत गावभर झालं: "आत खोली हाय, अन् सारं चमकून राह्यलं हाय."

बागेचे मालक माझ्या ओळखीचे. मी नागपुरात भूशास्त्र शिकवतो आणि सुटीच्या दिवशी विहिरी-बोअरच्या जागा पाहायला जातो, त्यामुळे असले फोन मला येतात. मी पोचेपर्यंत गावात तीन मतं पक्की झाली होती. पहिलं, हे भोसल्यांचं भुयार. आपल्याकडे जमिनीत कुठेही पोकळी सापडली की ती भोसल्यांची असते आणि तिचं दुसरं तोंड थेट नगरधनच्या किल्ल्यात निघतं. दुसरं मत हिऱ्यांचं. ते जरा दबक्या आवाजात सांगितलं जात होतं, आणि विहिरीच्या काठावर रात्री राखण बसली होती. तिसरं मत मालकांच्या पुतण्याचं. तो पुण्यात इंजिनीअर, सुटीवर घरी आलेला. त्याचं म्हणणं, ही गरम पाण्याने कोरलेली गुहा आहे.

मालक काकांना यातलं काहीच नको होतं. "सर, भुयार असो का हिरे असो, मले पाणी लागन का थे सांगा. आंबियाची फळं झाडावर हायेत." आंबिया बहार धरलेला आणि विहिरीला पाणी नाही, म्हणजे काय ते संत्रेवाल्यांना समजावून सांगायला नको.

पुतण्याचा तर्क

पहिली दोन मतं विहिरीत उतरल्यावर पाच मिनिटांत निकालात निघाली. आत छिन्नीचा एक घाव नव्हता, जायला-यायला वाट नव्हती, आणि चमकणाऱ्या खड्यांवर चाकूचं पातं ओढलं तर काहींवर सरळ ओरखडा उठत होता. हिऱ्यावर पात्याचा ओरखडा उठत नाही. पुतण्याचा तर्क मात्र असा झटकून टाकता येणारा नव्हता, म्हणून त्यावर जास्त बोलतो.

तो म्हणत होता ते असं. आपला काळा कातळ म्हणजे सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचा लाव्हा. जिथे लाव्हा तिथे खाली उष्णता, आणि उष्णता आहे तिथे गरम पाणी फटींतून वर चढणारच. जगात अशा पाण्याने प्रचंड गुहा कोरल्या आहेत. मग ही पोकळी म्हणजे त्या पाण्याची जुनी वाट, आणि वाट आहे तर ती खाली कुठेतरी उतरत असणार. तेव्हा पोकळीच्या तळातून सरळ खाली बोअर मारा, पाणी लागेल. पुराव्यादाखल त्याने फोनवर मेक्सिकोतल्या नायका खाणीतले स्फटिक दाखवले. शिवाय छताकडे बोट करून म्हणाला, "हे बघा, घुमट. गरम पाण्याच्या गुहांना असेच घुमट असतात." हे त्याने बरोबर वाचलं होतं.

ज्वालामुखीच्या प्रदेशात गरम पाणी गुहा कोरतं यात वादच नाही. सगळ्यात ठळक उदाहरण मेक्सिकोच्या तामाउलिपास राज्यात आहे. तिथे एल झाकातोन नावाचा एक गोल डोह आहे. वरून पाहिलं तर साधी खोल विहीर, आणि पाण्यावर गवताची तरंगती बेटं. पण तळ तीनशे मीटरांहून खाली. ६ एप्रिल १९९४ रोजी शेक एक्स्ली आणि जिम बोडेन हे दोन पट्टीचे पाणबुडे तिथे उतरले. बोडेन २८२ मीटरांपर्यंत जाऊन परत आला, एक्स्ली आला नाही. तळाचा नकाशा अखेर २००७ मध्ये नासाच्या पैशावर बनवलेल्या एका पाण्याखालच्या यंत्रमानवाने काढला. डोह आहे चुनखडीत, आणि त्याच्या शेजारी तुलनेने तरुण ज्वालामुखींचा समूह आहे. ज्वालामुखीने खालून उष्णता आणि कार्बन डायॉक्साइड पुरवला, ते आम्लधर्मी पाणी चुनखडीतून वर चढलं आणि चढता चढता दगड खात गेलं. आजही तिथलं पाणी कोमट आहे आणि त्याला गंधकाचा वास येतो. शेजारच्या काही डोहांचा तर वरचा तोंडवळाच बुजलाय: पृष्ठभागाजवळ आल्यावर त्याच पाण्याने चुन्याचा थर साठवून डोहावर दगडी झाकण घातलं.

म्हणजे एकाच पाण्याने खाली कोरलं आणि वर झाकलं. हा विरोधाभास नीट कळला की आपल्या विहिरीचं कोडं निम्मं सुटतं.

थंड होणारं पाणी काय खातं आणि काय टाकतं

बोअरच्या पाण्यावर गिझर वापरणाऱ्या कुठल्याही नागपूरकराला यातला अर्धा भाग ठाऊक आहे. वर्षभरात कॉइलवर पांढरा कडक थर चढतो. पाणी तापलं की त्यात विरघळलेला चुना, म्हणजे कॅल्साइट, बाहेर पडतो. कारण कॅल्साइट बहुतेक पदार्थांच्या उलट वागतं: गार पाण्यात जास्त विरघळतं, गरम पाण्यात कमी. आता हीच गोष्ट उलटी फिरवा. खोलवर तापलेलं, कार्बन डायॉक्साइडने भरलेलं पाणी वर चढताना गार होत जातं, तसतशी त्याची चुना खाण्याची भूक वाढते. वाटेत चुनखडी असेल तर ते ती खातं, वरून एखादा ओढा किंवा नदी आत शिरलेली नसतानाही. मग पृष्ठभाग जवळ आला, दाब उतरला, वायू उडून गेला, की पाण्याला चुना पेलवत नाही आणि तो साठतो. झाकातोनच्या शेजारची दगडी झाकणं त्यातूनच आली.

सिलिका मात्र सरळ वागते. क्वार्ट्झ, म्हणजे सिलिकाचाच स्फटिक, २५ अंशांच्या पाण्यात लिटरमागे दहा मिलिग्रॅमच्या आसपासच विरघळतो, आणि २०० अंशांच्या पाण्यात अडीचशे मिलिग्रॅमच्या वर जातो. म्हणून सिलिका घेऊन चढणारं पाणी गार झालं की ती वाटेतच टाकत सुटतं. एकच पाणी, एकच चढण, तेच थंड होणं. चुनखडीत असेल तर ते खोदतं, सिलिका सोडणाऱ्या दगडात असेल तर लिंपतं. आपला काळा कातळ, म्हणजे बेसॉल्ट, दुसऱ्या जातीचा. त्याच्यात विरघळून वाहून जाईल असा चुनखडीसारखा दगड नाही. काचेसारख्या भागातून आणि खनिजांतून पाण्याला सिलिका, कॅल्शियम, ॲल्युमिनियम मिळतं, आणि पाणी लगेच पुढच्या फटीत त्याच्या गारगोट्या, माती आणि झिओलाइट करून टाकतं. झिओलाइटच्या जाळीत पाणीच बसलेलं असतं, त्यामुळे ही नवी खनिजं जागाही भरपूर घेतात.

पुतण्या इथे अडला आणि त्याचा प्रश्न रास्त होता. "मग ज्वालामुखीच्या तोंडाशी गंधकाचं आम्ल असतं, ते तर लाव्हाही खाईल?" खातं. अमेरिकेतल्या येलोस्टोनला चिखलाची उकळती कुंडं आहेत, तिथे हेच चालतं. हायड्रोजन सल्फाइडचं गंधकाम्ल होतं आणि ते कडक दगडाची माती करून टाकतं. पण त्यातून मोकळी गुहा क्वचितच उरते, उरतो तो पांढरा-पिवळा मऊ गाळ. तसं इथे काही झालं असतं तर विहिरीची ती भिंत पांढरट, खडूसारखी, बोटाने खरवडता येणारी असती. ती होती काळी कुळकुळीत.

नायकाचं चित्र पुतण्याने दाखवलं ते त्याच्याच विरुद्ध जात होतं. असा पुरावा किती नाजूक असतो हे पाहायला थोडं थांबण्यासारखं आहे. चिहुआहुआ राज्यातल्या या खाणीत २००० साली खाणकामगारांना सुमारे तीनशे मीटर खोलीवर ती गुहा सापडली. तापमान ५८ अंशांपर्यंत, हवा ओलीचिंब, माणूस संरक्षक पोशाखाशिवाय काही मिनिटांपलीकडे टिकत नसे. आत अकरा मीटरांहून लांब जिप्समचे खांब. तो डोंगरही चुनखडीचाच, आणि त्याच्याखाली सुमारे २ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी शिरलेला शिलारस. आधी गरम पाण्याने भेगांच्या आधाराने चुनखडी खाऊन पोकळी केली, आणि नंतर लाखो वर्षं तीच पोकळी ५८ अंशांच्या जरा खालच्या पाण्याने भरून राहिली. त्या तापमानाला ॲनहायड्राइट, म्हणजे पाणी नसलेला जिप्समचा भाऊ, हळूहळू विरघळतं आणि जिप्सम तितक्याच हळू वाढतो, म्हणून खांब एवढे मोठे झाले. कोरणं आणि भरणं ही तिथली दोन वेगळी पर्वं आहेत. स्फटिक हे दुसऱ्या पर्वाचा पुरावा आहेत, पहिल्याचा नाहीत. विहिरीतल्या पोकळीत स्फटिक दिसले एवढ्यावरून ती गरम पाण्याने कोरली असं म्हणताना आपण नेमकं हेच मिसळतो.

असंच मिसळणं मोर्शीकडे सालबर्डीला होतं. तिथे महादेवाची गुहा आहे, शिवरात्रीला मोठी यात्रा भरते, आणि ऊनपाण्याचा झराही आहे. दोन्ही एका ठिकाणी, म्हणून एकाने दुसरं केलं असं सांगणारे मला दरवर्षी भेटतात. शेजार हा पुरावा नसतो. भिंत पाहावी लागते.

भिंत

म्हणून भिंत पाहिली. सुरुंगाने मोकळा झालेला दगड डोक्यावर पडू नये म्हणून आधी सब्बलने भगदाडाच्या कडा झाडून घेतल्या आणि मग एकेक जण आत गेलो.

आतली जागा साधारण तीन मीटर लांब, मधोमध सव्वा मीटर उंच. वर घुमट, खाली जवळजवळ सपाट. एका कोपऱ्यात सुरुंगाने स्फटिकांचा थर फुटून पडला होता, त्यामुळे थराच्या मागचा मूळ कातळ उघडा होता. निर्णय तिथेच होणार होता. भिंगातून पाहिलं. कातळाची पोकळीकडची दोन-तीन सेंटिमीटर जाडीची साल बाकीच्या दगडापेक्षा बारीक कणांची, जवळपास काचेसारखी होती. भराभर थिजलेल्या लाव्ह्याची ती खूण. त्या सालीत ज्वारीच्या दाण्याएवढे बारके बुडबुडे होते, आणि ते सगळे पोकळीच्या वळणाला समांतर ताणले गेले होते. मी पुतण्याला भिंग दिलं आणि एवढंच विचारलं, "एखादा बुडबुडा अर्धा कापलेला दिसतो का?" त्याने बराच वेळ शोधला. दिसला नाही.

पाण्याने किंवा आम्लाने भिंत खाल्ली असती तर ती सरसकट खाल्ली असती. बुडबुडे मधोमध कापले गेले असते, आतली खनिजं पुढे आलेली दिसली असती आणि थिजलेली साल तर पहिल्यांदा गेली असती. इथे साल जशीच्या तशी आणि बुडबुडे भिंतीला वळसा घालून गेलेले. याचा अर्थ पोकळी लाव्हा ओला असतानाच होती. वायूचा मोठा फुगा, वरचं कवच थिजल्यामुळे अडकलेला, खालचा लाव्हा बसल्यामुळे तळाशी सपाट झालेला. घुमट आहे, पण तो पाण्याने कोरलेला नाही.

लाव्ह्याची नळी म्हणावी का, असंही एकाने विचारलं. म्हणू नये. नळी वाहते, लांब जाते, तिच्या भिंतीवर लाव्ह्याच्या पातळ्यांच्या आडव्या रेषा आणि छतातून ठिबकून थिजलेले थेंब असतात. ही चारही बाजूंनी बंद होती.

आता गरम पाण्याची खरी करामत. सालीवर आधी पापडीएवढा हिरवट थर, सेलाडोनाइटचा. त्यावर निळसर-पांढरी कॅल्सेडनी, म्हणजे अतिबारीक कणांची सिलिका. छतावर तिचे पट्टे घुमटाचं वळण घेत होते, आणि तळाशी मात्र पाणसाळ लावल्यासारखे आडवे, एकावर एक. म्हणजे त्या काळात पोकळीच्या तळाला सिलिकाने भरलेलं पाणी संथ उभं होतं, धावत नव्हतं. त्यावर क्वार्ट्झची टोकं. त्यावर ह्यूलंडाइट या झिओलाइटच्या फिकट गुलाबी, मोत्यासारख्या चकाकीच्या चकत्या. आणि सगळ्यात शेवटी, सगळ्यांच्या डोक्यावर बसलेलं मधाच्या रंगाचं कॅल्साइट. सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाची बाटली खिशात होती. ह्यूलंडाइटवर थेंब टाकला, काही नाही. कॅल्साइटवर टाकला तसा फसफसला. राखण बसलेल्यांच्या हिऱ्यांचा विषय तिथे मिटला.

हे थर उकळत्या लाव्ह्याच्या वेळचे नाहीत. शे-दोनशे अंशांच्या आतल्या पाण्याची ही खनिजं आहेत, आणि दख्खनच्या कातळात अशी खनिजं लाव्हा थिजल्यावर कोट्यवधी वर्षांनीही तयार होत राहिली आहेत. पश्चिमेला, नाशिक-जळगाव-पुण्याकडे, लाव्ह्याचा ढीग जाड आणि तिथले स्फटिक जगभरच्या संग्रहालयांत पोचलेत. राहुरीजवळ मोमीन आखाड्यात २००१ मध्ये विहीर खोदतानाच हिरव्या अपोफिलाइटचे गोळे सापडले, ते आजही खनिजप्रेमींच्या तोंडी आहेत. आपण दख्खनच्या पूर्वेच्या काठावर. नागपूर शहरातच हा काठ संपतो: सीताबर्डीची टेकडी लाव्ह्याची, पूर्वेकडे गेलं की नीस नावाचा त्याहून जुना खडक. लाव्हा पातळ म्हणून इथलं भरणही एकंदरीत साधं, गारगोट्या जास्त आणि नखरेल स्फटिक कमी.

पण त्या साध्या गारगोट्यांनी या भागाला एकेकाळी धंदा दिला. काटोल रोडपासून आत माहुरझरी आहे. तिथे लोहयुगातली शिळावर्तुळं आहेत आणि अकीक, कार्नेलियन, क्वार्ट्झचे मणी घडवण्याचं मोठं केंद्र उत्खननात सापडलं आहे. कुठल्याशा पोकळीत गरम पाण्याने पट्टा-पट्टा करून साठवलेली कॅल्सेडनी दोन-अडीच हजार वर्षांपूर्वी कुणीतरी भोक पाडून गळ्यात घातली. विहिरीतल्या त्या आडव्या पट्ट्यांकडे पाहताना मला बोअरपेक्षा माहुरझरीचीच आठवण जास्त येत होती, हे कबूल करतो. काकांना अर्थात ते सांगितलं नाही.

पाणी कुठे

पुतण्याने शेवटचा मुद्दा राखून ठेवला होता. तळाच्या कोपऱ्यात अंगठ्याएवढी जाड पांढरी शीर खाली उतरत होती. "ही काय मग? इथूनच तर गरम पाणी आलं." आलं होतं, अगदी तिथूनच. पण ती शीर कॅल्सेडनीने ठासून भरलेली होती. हातोडीने ठोकल्यावर आवाज भरीव आला, आणि तोडलेल्या तुकड्यात सुईही जाईल अशी फट नव्हती. पाणी ज्या वाटेने आलं ती वाट त्यानेच बंद केली. थंड होणाऱ्या पाण्याने सिलिका टाकण्याचा हा सरळ परिणाम, आणि विहीर खोदणाऱ्यासाठी यातली कामाची गोष्ट हीच आहे. आपल्या कातळात जिथे खडे जास्त चमकतात तिथे मोकळ्या फटी आणि बुडबुडे कमी उरलेले असतात. चमक पाहून बोअर मारणं म्हणजे बुजलेल्या दारावर धक्के देणं. अनेक पाणाडी पांढऱ्या शिरेला "पाण्याची नस" समजतात. चुनखडीच्या मुलखात त्यांचं एखाद वेळी जमूनही जाईल. काळ्या कातळात मी तरी त्यावर पैसे लावणार नाही.

मग पाणी कुठे, तर पोकळीपासून सुमारे दोन मीटर खाली. विहिरीच्या भिंतीत गेरूसारखा लाल, वीतभर जाडीचा पट्टा गोल फिरला होता. दोन लाव्हाप्रवाहांच्या मधल्या काळात खालच्या प्रवाहाचा माथा उघडा पडून कुजला, लाल झाला, त्याच्यावर दुसरा प्रवाह येऊन बसला. त्या पट्ट्याखालचा माथा फुगीर, बुडबुड्यांचा आणि भेगांचा. पूर्वेकडच्या बाजूला तिथे भिंत ओलसर होती आणि हिरवं शेवाळ धरलं होतं. मी म्हटलं, आडवे बोअर मारायचे ते या पट्ट्याखाली, पूर्व आणि दक्षिणेला, आणि पोकळीला हात लावू नका.

कुटुंबात थोडी चर्चा झाली. पुतण्याने उभ्या बोअरचे पैसे स्वतः देतो म्हटल्यावर काकांनी हरकत घेतली नाही. "पोराचं मन राह्यलं पाह्यजे," म्हणाले. तेव्हा दोन्ही झालं.

पोकळीच्या तळातलं उभं बोअर कोरडं गेलं. आधी काळी पूड, मग लाल पट्टा ओलांडताना जराशी गुलाबी ओल, पुन्हा काळी पूड. लाल पट्ट्याखालच्या तीन आडव्या बोअरांपैकी पूर्वेकडच्या दोनांना पाणी लागलं. धो-धो नाही. मोटर सलग दिवसभर चालत नाही, सकाळ-संध्याकाळ दोन पाळ्यांत चालते, आणि ठिबकवर बाग तगली. दक्षिणेकडचं तिसरं मात्र जवळजवळ कोरडं निघालं. त्याचं कारण बोअरमधून आलेल्या चुऱ्यात होतं: त्या बाजूला खालच्या प्रवाहाचे बुडबुडे पांढऱ्या झिओलाइटने गच्च भरलेले होते. पोकळीत ज्या पाण्याने गुलाबी चकत्या केल्या, त्याच्याच एखाद्या फाट्याने तिथली जागा आधीच अडवून ठेवली होती.

बाहेरगावचा एक व्यापारी स्फटिक विकत घ्यायला आला. त्याने सांगितलेली किंमत ऐकून काकांनी चहा पाजून परत पाठवला. भगदाडाला सिमेंटमध्ये दगडी बांधकाम करून आधार दिला, कारण वरचा कातळ सुरुंगाने हलला होता आणि खाली उतरणाऱ्या माणसाचा जीव त्या चकत्यांपेक्षा मोलाचा. पाहण्यासाठी एक चौकोनी झडप ठेवली आहे. शाळेची मुलं येतात.

पुतण्याला ऊनपाण्याने कोरलेली गुहा शोधायचीच आहे. त्याला मी उलट्या दिशेला पाठवलं: रामटेकच्या उत्तरेला देवलापारकडे. तिथे काळा कातळ नाही, सौसर समूहातले संगमरवर आणि डोलोमाइट आहेत, म्हणजे पाण्याने खाण्याजोगा दगड. तिथे एखादी पोकळी दिसली तर आत ओढ्याची वाळू-गोटे आहेत का ते आधी बघ, असं सांगितलं. ओढा शिरल्याची खूण नसेल, तळातून वर येणारी भोकं असतील, छतात एकावर एक घुमटाकार खळगे असतील आणि भिंतीतल्या दगडाचे कण, शिरा मधोमध कापलेल्या असतील, तर मला फोन कर. भिंग तो माझ्याकडूनच घेऊन गेला आहे.